नववा खण

मित्रांनो, मला नऊ खण आहेत आणि त्यांतले आठच उघडतात. नवव्यावर बोटभर लांबीचा खिळा ठोकलेला आहे. तो कोणी ठोकला आणि का, हे सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे. एरवी बियांच्या जुन्या पेटीचं कोण ऐकून घेतं?

माझा जन्म गुलबोग गावातल्या एका पाळणे करणाऱ्या सुताराकडे झाला. तुतीच्या लाकडाचा एक पाळणा करून झाल्यावर चार फळ्या उरल्या. टाकून द्यायला त्याचा जीव होईना, म्हणून त्यानं माझे नऊ खण पाडले. पाळणा आणि मी, दोघंही इनोबातच्या लग्नात तिच्याबरोबर या घरी आलो. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

इनोबातला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या झाकणांवर कुठलीही चिठ्ठी नव्हती आणि तिला तिची गरजही नव्हती. गुलबासाचं बी मिऱ्यासारखं काळं आणि सुरकुतलेलं, कोंबडा-फुलाचं बारीक आणि चकचकीत, शेपूचं चपटं आणि कडेला पातळ, हे तिच्या बोटांना पाठ होतं. नखं रंगवायला लागतो तो तेरडा, वासाचा सब्जा, नानवर भुरभुरायची कलौंजी, धणे आणि झेंडू, प्रत्येकाचा खण ठरलेला होता. नवव्या खणात बडीशेप असे. पण शेवटचा निकाल नेहमी नाकाचा. बी असो, पान असो, चिमटीत चुरडायचं, डोळे मिटायचे, हुंगायचं आणि मगच बोलायचं. पुढे म्हातारपणी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तरी तिचं काही अडलं नाही.

सगळ्या गल्लीचा तिच्यावर भरवसा होता. वसंतात पहिला पाला निघाला की बायका ओच्यात भरून आणत आणि माझ्याशेजारी ओसरीवर बसत. इनोबात एकेक पान चुरडून सांगे, "हे सोमशाच्या सारणात घाल. हे शेळीला टाक. हे मात्र हात धुऊन पाटाच्या पलीकडे फेकून ये." तिनं "खा" म्हटलं की पोरंबाळं निर्धास्त खात. मला त्या दिवसांचा फार अभिमान वाटे. माझी झाकणं ती दर शरदात अक्रोडाच्या तेलानं पुसत असे.

मग तो उन्हाळा आला. इनोबात तापानं वीस दिवस अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा सगळ्यात आधी तिनं माझा सब्जाचा खण उघडला. पूर्वी तो उघडला की तिचे डोळे आपोआप मिटत. त्या दिवशी ते उघडेच राहिले. तिनं बी चुरडलं, पुन्हा चुरडलं, नाकाला अगदी लावून पाहिलं आणि खण हळूच बंद केला. मग धण्यांचा उघडला. मग शेपूचा. नऊच्या नऊ झाल्यावर ती माझ्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली.

तिनं हे कोणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटलं असावं. नवरा कधीच गेलेला, मुलगा झोकीर रशियात इमारतींच्या कामावर. गल्लीत तिला जो मान होता तो त्या नाकामुळे होता. बायका पाला आणतच राहिल्या, ती हुंगल्यासारखं करत राहिली आणि अंदाजानं बोलत राहिली. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघाले. हेच वाईट झालं.

त्या शरदात झोकीरनं येऊन लग्न केलं आणि नफोसात सून म्हणून घरात आली; हिवाळा सरता सरता तो परत कामावर गेला. ती कापसाच्या मुलखातली पोर, वाफ्यातलं तिला काही कळत नव्हतं. आमच्याकडे नवी सून आली की शेजारणी तिला आपल्या बागेतल्या बियांची पुडी देतात. ती पुडी देणारीच्या समोर उघडून हुंगायची नाही, अशी रीत आहे. तसं करणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटं म्हणण्यासारखं.

शेजारची मस्तुरा मोठ्या कौतुकानं पुडी घेऊन आली. "बडीशेप आहे गं. यंदा पाटाकाठी आपोआप उगवली, देवानं फुकट दिली. घे, तुझं घर घमघमू दे."

मस्तुरा गेल्यावर इनोबातनं पुडी सोडली. पूर्वीची इनोबात असती तर एका दाण्यात काय ते ओळखती. आता तिनं चिमूट नाकाशी नेली, मान हलवली आणि सगळं बी माझ्या नवव्या खणात, जुन्या बडीशेपेवर ओतलं. मित्रांनो, माझं लाकूड चाळीस वर्षं बडीशेपेच्या वासात मुरलेलं आहे. हे बी बडीशेप नव्हतं. त्याला कुबट, उंदराच्या बिळासारखा वास होता. माझं अंग त्या वासानं शहारलं, पण पेटीला तोंड नसतं. बर्फ पडायच्या आधी इनोबातनं त्या खणातलं मूठभर बी ओसरीजवळच्या वाफ्यात पेरलं.

बर्फ वितळला आणि सगळ्यांच्या आधी तोच वाफा हिरवा झाला. बडीशेपेचं पान केसासारखं बारीक असतं. हे गाजराच्या पाल्यासारखं पसरलं होतं आणि त्याच्या गुळगुळीत देठांवर जांभळे ठिपके होते, जणू कोणी शाई शिंपडली आहे. शेळी दोर तुटेस्तोवर ताणून दुसऱ्या बाजूला बसायची. इनोबातला हिरवा रंग तेवढा दिसत होता. ती म्हणायची, "बघ पोरी, तुझ्या पायगुणानं वाफा कसा फोफावलाय."

नवरोज, वसंतातला नव्या वर्षाचा सण, आला. त्या दिवशी आमच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमून पहिला पाला भरून तंदुरात भाजायचे सोमसे करतात. नफोसातला तिसरा महिना होता. तिला कशाचीही मळमळ होई. ती पाला चिरायला बसली आणि दोन मिनिटांत पदराचं टोक नाकाला लावून उठली. सासूला ती ओयी, म्हणजे आई, म्हणायची.

"ओयी, याला उंदराच्या मुताचा वास येतोय."

बायका हसल्या. मस्तुरा म्हणाली, "अगं, पहिलटकरणीला नवऱ्याच्या पत्राचासुद्धा वास येतो. मला तर सासूचाच यायचा."

"तुमच्यासारखी सून मिळाली, हे तिचं नशीब," दुसरी एक म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

"खरंच येतोय," नफोसात म्हणाली. "ओयी, तुम्ही बघा ना."

सगळ्यांनी इनोबातकडे पाहिलं. तिनं पान घेतलं, चुरडलं, डोळे मिटले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, सांग. आता तरी सांग. एवढंच म्हण की मला कळत नाही. एकदा तिचे ओठ हललेही.

"काही नाही," ती म्हणाली. "पोटुशी बाईचं नाक जाग्यावर नसतं. चिर तू."

पहिले दोन सोमसे तंदुरातून निघाले. आमच्याकडे पहिला घास घरातल्या वडील माणसाचा आणि दुसरा पोटातल्या बाळाचा. इनोबातनं आपला सोमसा तोडला आणि दुसरा सुनेच्या हातात ठेवला. नफोसातनं तो ओठांपर्यंत नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो तसाच ताटलीत ठेवला.

"रागावू नका ओयी. माझ्याच्यानं नाही होत."

"नखरे बघा," मस्तुरा म्हणाली.

"तू नको खाऊस. मी खाते, बघ," इनोबात म्हणाली. सुनेच्या मनातली शंका घालवायची होती की स्वतःच्या, कोण जाणे. तिनं आपला संपवला आणि मग सुनेचाही खाल्ला.

बाकीचे सोमसे थापून तंदुरात लावायला अर्धा-पाऊण तास गेला. बायका गाणी म्हणत होत्या. इनोबात माझ्याशेजारी बसली होती. तिनं एकदा जीभ ओठांवरून फिरवली. मग मांडी चोळली. मग उठायला गेली आणि पाय तिच्या खालून निघून गेल्यासारखी पुन्हा खाली बसली. तेवढ्यात मस्तुरा वाफाळतं ताट घेऊन आली आणि बायकांचे हात पुढे झाले.

"थांबा," इनोबात म्हणाली.

तिनं उजव्या हातानं ताट उलथं पाडलं. सोमसे ओसरीवरून अंगणात घरंगळले.

"कोणी तोंडाला लावू नका. मला वास येत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून कशाचाच येत नाही. मी खोटं बोलले. पोरीचं नाक खरं होतं."

नफोसातनं धावत जाऊन वाफ्यातलं एक रोप उपटून आणलं. तिथे जमलेल्या बायकांपैकी सगळ्यात म्हातारीनं देठ उजेडात धरला, ते जांभळे ठिपके पाहिले आणि रोप हातातून टाकून दिलं. पाटाकाठी वाढणाऱ्या त्या विषाचं नाव आमच्याकडे जेवणाच्या जागी कोणी घेत नाही. तिनंही घेतलं नाही. कोणीतरी गाडी बोलवायला धावलं.

त्या विषानं माणसाचं अंग पायाकडून वर मरत जातं, पण डोकं शेवटपर्यंत जागं राहतं. इनोबात सगळं नीट बोलत होती. तिनं सुनेचा हात माझ्यावर ठेवला. "नववा खण बंद कर. त्यातलं जाळू नकोस, धूरही वाईट. आधी खोल खड्डा करून पूर, मग बंद कर." मग तिनं मस्तुराकडे मान वळवली.

"मस्तुरा, त्या बियांच्या किती पुड्या दिल्यास?"

मस्तुरा भिंतीला टेकून रडत होती. इनोबातला ती ओपा, म्हणजे ताई, म्हणे. "सात लग्नं होती ना ओपा. सात सुनांना सात दिल्या."

"जा," इनोबात म्हणाली. "रडतेस काय? आज नवरोज आहे. घरोघर पाला चिरताहेत. जा."

मस्तुरा अनवाणी धावली. इनोबातला न्यायला गाडी आली, पण जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचण्याआधीच तिचा श्वास थांबला. ती परत माझ्याकडे आली नाही. मला तिचा राग येतो आणि तिची आठवणही येते. दोन्ही एकाच वेळी येतात.

पाच घरांतले वाफे त्याच दुपारी खणून काढले. एका घरी पाला चिरून ठेवला होता आणि कढईत तेल तापलेलं होतं. नफोसातनं नवव्या खणातलं बी पुरलं, खण राखेनं घासला आणि खिळा ठोकला. आता ती गल्लीतली जाणती झाली आहे. आपल्या मुलीला तिनं अक्षरांच्या आधी वास शिकवले. ती पोर माझं एकेक झाकण उघडते, बी चुरडते, पान उजेडात धरून देठ पाहते. कळलं नाही तर मोठ्यांदा म्हणते, "मला नाही कळत." या घरात आता हे म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. पाला कोणीही दिलेला असो, कितीही प्रेमानं दिलेला असो, चुरडून हुंगा, देठ बघा आणि माहीत नसेल तर तसं सांगा. कारण हिशेब अजून पुरा झालेला नाही. आमची एक पुडी आणि पाच घरांतल्या पाच, सहाच होतात.

सातवी सून झुमराद लग्नानंतर आठवड्यातच नवऱ्याबरोबर दूर देशी गेली. पुडी तिच्या बोचक्यात होती. मस्तुरानं तिला तीन पत्रं धाडली आणि तिन्ही परत आली. बी चांगलं वाळवलेलं होतं. असं बी कित्येक वर्षं टिकतं.