कारण अज्ञात

हृदयाच्या एकाच गोळीवर दोन आढावे निघाले होते. एक म्हणत होता, गोळी द्या. दुसरा म्हणत होता, अजिबात देऊ नका. गंमत म्हणजे दोघांनी तपासलेल्या चाचण्या त्याच, नऊच्या नऊ. घोळ कुठे आहे ते शोधायचं काम तिच्याकडे आलं. आकडेमोडीत तिचा हात धरेल असं खात्यात कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला धागा सापडला. सगळ्यात मोठ्या चाचणीतून एक्केचाळीस रुग्ण मध्येच गळाले होते. पहिल्या आढाव्याने त्यांना मोजलंच नव्हतं. दुसऱ्याने त्यांना गुण आला नाही असं धरलं होतं. एवढ्यावरच निकाल उलटा फिरला होता. मूळ तक्त्यात त्यांच्यापुढे लिहिलं होतं : चाचणी सोडली, कारण अज्ञात.

चाचणीचं साल आणि रुग्णालयाचं नाव तिने पुन्हा एकदा वाचलं. तिचा दादा त्याच चाचणीत होता, आणि तोही मध्येच गळाला होता.

तिने वहिनीला फोन लावला. "दादाने त्या गोळ्या का सोडल्या होत्या गं?"

"सोडल्या कुठे? पाय इतके सुजले की जिना उतरवेना. तपासणीला जाणार कसे? तिकडून एकदा फोन आला, मी म्हटलं झोपलेत. परत कुणी विचारलं नाही. महिन्याभरात गेलेच."

तिने जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"वाईट झालं. पण एका घरच्या सांगण्यावरून तक्ता बदलता येत नाही. उरलेल्या चाळीस जणांचं काय?"

"त्यांच्याही घरी विचारू या ना, सर."

"नावं केव्हाच नष्ट केलीत. नियमच आहे तसा."

मग तिने अहवाल लिहिला : दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर आहेत, आणखी संशोधन हवं. साहेबांनी सही केली.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला.

"काय निघालं? गोळीनेच सुजले होते का पाय?"

"माहीत नाही, वहिनी."

"तुला नाही तर कुणाला माहीत असणार?" वहिनीचा आवाज चिरकला. "मी तेव्हा उठवायला हवं होतं का त्यांना?"

"तुझं काही चुकलं नाही."

"हे तरी नक्की ना?"

ती हो म्हणाली. ते तरी तिला कुठे ठाऊक होतं!