अर्थिंगचं पाणी

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मशीन शेडातल्या कॉम्प्युटरवर डिझाइनची फाईल जायला एरवी अर्धं मिनिट लागायचं. त्या दिवशी पाऊण तास झाला तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच रेंगाळलेली. शेंद्र्याच्या त्या कारखान्यात शालू कॉम्प्युटर ऑपरेटर होती, अन् मशीन थांबलं म्हणून साहेब दोनदा येऊन खेकसून गेले होते.

मेंटेनन्सचे बिभीषणदादा तेव्हापासून हात धुऊन त्याच्या मागं लागलेले. केबल बदलली, स्विच बदलला, दोन शेडांमधली लांब वायर चाचपून झाली. फाईल काही हलेना. शेवटी घाम पुसत त्यांनी सहज विचारलं, "शालू, अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी पडतंय ना गं?"

"व्हय दादा," शालू म्हणाली.

कुठलं पाणी न् कुठलं काय! शेडामागच्या खड्ड्यात पुरलेल्या पट्टीवाटे गळका करंट जमिनीत जातो, म्हणून तिथली माती ओली ठेवायची, एवढं तिला शिकवलेलं. त्यासाठी रोज वीस लिटरचा कॅन तिच्या हवाली असायचा. पण एकोणीस सालचा तो मे महिना. गावाभोवती कारखाने वाढले, नव्या वसाहती वाढल्या, पाणी तेवढं आटलं. आठ दिवसांनी टँकर, तोही भांडणं लावून जाणारा. घरी आई म्हाळसाबाई दोन शेरडांपुढं हंड्याच्या तळाचा गाळ ठेवून बसलेली. माणसं तहानेनं वाळायची अन् चांगलं पाणी खड्ड्यात ओतायचं? असल्या शहाणपणाला काय म्हणावं! तीन आठवडे झाले, शालू तो कॅन स्कुटीवर पायाशी ठेवून घरी नेत होती.

"मग अर्थिंग सुकून वायरीत करंट शिरला, असा घोळ नाय. शेडातल्या रॅकमधीच काहीतरी हाय," म्हणत दादा निघाले.

कालच कॉम्प्युटर अन् वायरी ठेवलेल्या त्या लोखंडी रॅकला शालूचा हात लागला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. सांगितलं तर पाण्याचं निघेल, पाण्याचं निघालं तर नोकरी जाईल, अन् घरात कमावणारी ती एकटीच. ती दादांच्या मागोमाग निघाली. एवढ्यानं कुणाला काय होतंय, असं मनाला बजावत होती, अन् मन काही ऐकत नव्हतं. तिला लई भीती वाटत होती.

शेडातल्या केबिनच्या दाराशी दादा थांबले अन् वाकून बूट काढायला लागले. कॉम्प्युटरच्या खोलीत पायताण घालून कुणी जायचंच नाही, देवघरासारखं. रबरी तळाचे जाडजूड बूट बाहेर राहिले. दादा अनवाणी आत शिरले, घामेजल्या पावलांचे ठसे फरशीवर उठले. त्यांनी रॅककडं हात नेला.

"दादा, हात लावू नका!" शालू किंचाळली. "पाणी मी टाकलंच नाय. तीन आठवडे झाले. घरी नेलं."

हात वीतभर अंतरावर थांबला. दादा माघारी फिरले, बूट चढवले, खिशातला टेस्टर रॅकला लावला. टेस्टरचा दिवा लख्ख पेटला. त्यांनी काढून पुन्हा लावला, पुन्हा पेटला. मग ते दाराच्या पायरीवर बसले. शिव्या घातल्या असत्या तर शालूला बरं वाटलं असतं.

"मघाशी इचारलं तव्हा व्हय म्हणालीस," ते म्हणाले. "तुझ्या शब्दावर चाललो व्हतो मी."

तेवढ्यात साहेब आले. "काय झालं? गेली का फाईल?"

दादांनी टेस्टर खिशात घातला अन् शालूकडं पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "चूक माझी हाय."