मेंढराला विचारा

उत्कर्षा सांगलीत वकिली करते. इंग्रजी अमलातल्या मुंबई हायकोर्टाचा इतिहास लिहायचं तिनं मनावर घेतलं आणि दोन वर्षं जुनी दप्तरं चाळण्यात घालवली. त्यातच एका पातळशा फायलीत तिला बिराप्पा भेटला. अकरा मेंढरं चोरल्याच्या आरोपावरून १८९६ साली खालच्या कोर्टानं त्याला तीन वर्षांची सजा दिली होती. त्याची जबानी मोडीत होती. ती लावता लावता उत्कर्षाच्या कानात एक भरड आवाज घुमू लागला.

"मेंढरं कुनाची हायती ते मेंढरालाच इचारा. मी हाक मारतो, फिर्याद करनाऱ्यानंबी मारावी. ज्येच्याकडं येतील त्येची."

खालच्या कोर्टाला हा उद्धटपणा वाटला. तुरुंगातून त्याचा अर्ज मुंबईला गेला. हायकोर्टाच्या दोघा साहेबांनी आयुष्यात कधी मेंढरं राखली नसतील. पण त्यांनी लिहिलं, आरोपीनं सुचवलेली परीक्षा सोपी होती, ती का घेतली नाही? त्यांनी बिराप्पाला निर्दोष सोडलं.

फायलीत गावाचं नाव होतं. खानापूरच्या पूर्वेला, माळावर. मार्चमधल्या एका सकाळी उत्कर्षा तिथं पोचली. उन्हाच्या झळांत पवनचक्क्या पाण्यावर तरंगल्यासारख्या हलत होत्या. मेंढरांचा एक कळप ढगाच्या सावलीसारखा उतारावरून सरकत होता. क्षणभर तिला वाटलं, आपण सव्वाशे वर्षं मागं आलोय.

बिराप्पाची नातसून रंगुबाई अंगणात लोकर पिंजत बसली होती. वय नव्वदीला टेकलेलं. तिचा मुलगा दादासो फौजेतून निवृत्त झालेला. बिराप्पाचं नाव ऐकताच तो उठून उभा राहिला.

"त्ये नाव आमच्या घरात कुनी घेत न्हाई, मॅडम. चोराचं घर म्हनून आमच्या आजाला बाजारात कुनी उभं करत नव्हतं."

"चोर नव्हते ते," उत्कर्षा म्हणाली. "हायकोर्टानं सोडलंय त्यांना. हा बघा निकाल."

तिनं निकालाचा अर्थ सांगितला, मग जबानी वाचली. रंगुबाईचे हात लोकरीत तसेच थांबले.

"सोडलं? कवा?"

"सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात. साताऱ्याच्या तुरुंगातून."

"तवा हितं कुनी नव्हतं गं पोरी," म्हातारी हळू बोलली. "लय मोठा दुकाळ पडलेला. आजेसासूबाई पोरास्नी घिऊन कृष्णाकाठाला गेलेल्या. दोन वर्सांनी परत आल्या, तर खोपीवर नवं छप्पर. मेंढरांच्या वाड्याची पडकी भित रचून ठिवल्याली. कुनी केलं, कुनालाच ठावं न्हाई. समदी म्हनाली, बिरोबानं घर राखलं."

पवनचक्कीचं पातं फिरत होतं, त्याची लांब सावली अंगणावरून येत होती, जात होती. मोकळ्या माळावर एकटाच दगडावर दगड ठेवणारा माणूस उत्कर्षाला अगदी स्पष्ट दिसला. भिंत झाल्यावर तो त्यांना शोधायला कुठल्या दिशेला गेला असेल, ते मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

"त्यो परत कवाच आला न्हाई, तरी आजेसासूबाईनं मरंस्तोवर कुकू पुसलं न्हाई," रंगुबाई म्हणाली. "लोक हसायची. माजे सासरे सांगायचे, ती भितीवर हात फिरवत बसायची. कुनाचा हात लागलाय, तिला कळलं आसंल का गं?"

"कळलं असेल, आजी."

दादासोनं डोळे पुसले. मग खिशातून फोन काढून त्यानं आटपाडीच्या चुलतभावाला लावला.

"जयराज, गड्या, समद्यास्नी घिऊन ये. आरं, काय झालंय म्हनून काय इचारतोस? आपला पणजा घरी आला होता रं. आपुनच नव्हतो हितं."

रंगुबाईनं लोकर बाजूला सारली आणि उत्कर्षाला जवळ बसायची खूण केली.

"आता परत वाच," ती म्हणाली. "त्येनं काय सांगितलं, तेवढंच वाच."