वाढत्या अंगाची गिटार

गिटार मोठीच घ्यायची, हे आईने घरातून निघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तिने एकदा ठरवलं की ते बदलायला देवानेसुद्धा अर्ज करू नये, असा तिचा लौकिक होता. गेल्या काही महिन्यांत मात्र तिच्या बाबतीतलं बरंचसं दुसरंच कुणीतरी ठरवत होतं. म्हणून असेल, पण जेवढं हातात उरलं होतं त्यावरची तिची पकड जास्तच घट्ट झाली होती.

ती शिवणकाम करायची. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोटांची अस्तरं बदलणं, हॉटेलांचे पडदे. लोकांचं काम अगदी अंगाबरोबर, घरचं मात्र कधीच नाही. मुंगीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, प्रत्येक कपड्याच्या शिवणीत भरपूर माया, बाह्यांना दोन घड्या आणि खाली चार बोटं दुमड. पहिल्या वर्षी मुंगी त्यात बुडायची, दुसऱ्या वर्षी तो बरा दिसायचा आणि तिसऱ्या वर्षी नीट बसायला लागेपर्यंत कोपरावर विरायचा. बूट घेतले की पुढे कापूस. ‘वाढतं अंग आहे,’ एवढं म्हटलं की विषय संपला. दहा वर्षांच्या त्या काटकुळ्या पोरीने जन्मात एकदाही स्वतःच्या मापाचा कोट घातला नव्हता, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती, कारण आपलं माप असं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

आईचा आजार पोटातून वर सरकला होता. डॉक्टरने आकडा सांगायचं टाळलं. पण पुढच्या थंडीसाठी मी स्वतःला कोट शिवायला घेऊ का, असं तिने सरळ विचारलं तेव्हा तो भला माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. तिला उत्तर कळलं. हे आणखी एकाच माणसाला माहीत होतं, मावशीला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बेकरीत गल्ल्यावर बसणारी, बोलायला फटकळ, मनाने चांगली. मुंगी पुढे तिच्याकडेच राहणार होती. बाप कधीचाच दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला होता, त्याचं नावही त्या घरात कुणी काढत नसे.

मावशी पोरीला जेवू घालील, शिकवील, आजारपणात उशाशी बसेल, याची आईला खात्री होती. पण गाणंबजावणं म्हणजे मावशीच्या लेखी रिकामटेकड्यांचे धंदे. ती मुंगीला दुसरी गिटार घेऊन देईल, हे काही आईच्या गळी उतरत नव्हतं. म्हणजे जी घ्यायची ती एकदाच, आणि मुंगी बाई झाली तरी पुरेल अशी.

शाळेतल्या संगीताच्या सरांनी मुंगीच्या हातात गिटार दिली तेव्हापासून पोरगी टेबलाच्या कडेवर, उशीवर, स्वतःच्या मांडीवर बोटं नाचवत असायची. शाळेची गिटार घरी आणायला परवानगी नव्हती. त्यामुळे आईने लेकीला वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं, नुसती बोटं बघितली होती.

तर तिघी दुकानात आल्या. भिंतीवर गिटारींच्या रांगा होत्या. खालच्या रांगेत लाल-निळ्या, खेळण्यासारख्या. पार वर, काचेच्या कपाटात, ज्यांच्याकडे बघूनच हात मागे बांधावेत अशा. आईने दोन्हींकडे ढुंकून पाहिलं नाही. मधल्या रांगेसमोर उभी राहून ती म्हणाली, “यातली दाखवा. मोठी.”

गिटारवाला डोक्यावर केस कमी आणि मानेवर शेंडी असा गृहस्थ होता. उजव्या हाताची नखं वाढवलेली, बोलायची हौस दांडगी. त्याने एक काढून दिली. आईने ती उलटी केली, सांध्यांवरून अंगठा फिरवला, कडेची पट्टी कुठे उचललीय का ते नखाने बघितलं, मग मोबाइलचा दिवा लावून मधल्या भोकातून आत डोकावली.

“बाई, गिटार घेताय की कोट?”

“आतून खराब काम असलेला कोट बाहेरून छानच दिसतो,” आई म्हणाली. “हा गोंद बघा कसा ओघळलाय. दुसरी काढा.”

गिटारवाला खूश झाला. असं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसावं. त्याने दुसरी दिली, तिसरी दिली, दांडा डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का ते कसं बघायचं ते शिकवलं. चौथी आईच्या मनास आली. फिकट, बिनचकाकीची, साधी.

“नजर आहे तुम्हाला,” तो म्हणाला. “हिची वरची फळी अख्ख्या लाकडाची आहे. खालच्या रांगेतल्यांची प्लायची. प्लाय आज जशी वाजते तशी मरेपर्यंत वाजणार. अख्खं लाकूड वाजवत गेलं की मोकळं होत जातं. दहा वर्षांनी या आणि ऐका. तुम्हाला ओळखू येणार नाही, हीच का ती म्हणून.”

मावशीला एकदम खोकला आला. ती दारापाशी जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघत उभी राहिली.

आईला मात्र त्या बोलण्याने बरं वाटलं. दहा वर्षांनी मुंगी वीस वर्षांची. कुठल्याशा खोलीत पलंगावर मांडी घालून बसलेली, लांब हातांची, केस कापलेली किंवा वाढवलेली, आणि मांडीवर ही. आईने तिला स्पष्ट बघितलं. त्या खोलीत आपण नाही हेही बघितलं. तेवढं तिने पचवलं होतं. गिटार तरी असेल.

“हीच द्या,” ती म्हणाली.

“वाजवू तर दे पोरीला,” दारातून मावशी म्हणाली.

मुंगी स्टुलावर बसली. गिटार मांडीवर घेतली तशी ती मागे जवळजवळ दिसेनाशी झाली. हनुवटी वरच्या कडेला टेकली, उजवा हात कपाटाला मिठी मारल्यासारखा खांद्यातून वर गेला, डावा पार टोकाला ताणला. तिने तार दाबली. बोट पोचलं, पण जोर पोचला नाही. तार नुसती खरखरली. तिने पुन्हा दाबली, ओठ दाताखाली धरून. पुन्हा खरखर.

“होईल सवय,” आई म्हणाली.

“बाई, खरं सांगू?” गिटारवाल्याने मान खाजवली. “तारा खाली आणून देतो, दांड्याला चाप लावून तारांची लांबी कमी करून देतो, थोडं सोपं होईल. पण हिचा हात पुरायला तीन वर्षं जातील. तोवर पोरगी कंटाळून सोडून देईल. मी मोठी विकली तर मला चार पैसे जास्तच मिळतील. पण पाऊण मापाची बघा एकदा.”

आणि कुणी हो म्हणायच्या आत त्याने ती आणली. तशीच फिकट, तशीच साधी, त्याच लाकडाची. मुंगीने ती घेतली आणि काही न विचारता वाजवायला लागली. पाच-सहा सूर, सावकाश, एकेक स्वच्छ. कुठल्याशा धुनेची सुरुवात असावी. मग अडली, थांबली आणि वर बघून म्हणाली, “मला ही हवी.”

आईच्या तोंडातून नेहमीचंच निघालं. “दोन वर्षांत आखूड होईल ती तुला.”

“होऊ दे.”

“होऊ दे काय? पैसे झाडाला लागतात?”

“अहो, त्यात काय एवढं!” गिटारवाला मध्ये पडला. “आखूड झाली की परत आणा, वरचा फरक भरा, मोठी घेऊन जा. मी लिहून देतो. दुकान इथेच आहे, मी इथेच आहे, तुम्ही इथेच आहात…”

“मी नाही येणार!” आई ओरडलीच.

गिटारवाल्याला आपलं काय चुकलं ते कळेना. आईने स्वतःला सावरलं आणि म्हणाली, “म्हणजे, मला कामं असतात. सारखं सारखं यायला जमत नाही.”

“मला माहितेय,” मुंगी म्हणाली.

“काय माहितेय तुला?”

मुंगी गिटारीच्या कडेवर बोट फिरवत राहिली. “घरच्या कपाटातल्या वरच्या फळीवरचे कपडे मी बघितले. स्टूल घेऊन. सगळे माझेच आहेत ना?”

गेले काही महिने, मुंगी शाळेत असताना, आई ते शिवत होती. बाराव्या वर्षाचा फ्रॉक, तेराव्याचा, पंधराव्याचा. अंदाजाने. बहिणीच्या अंगावरून, स्वतःच्या जुन्या फोटोंवरून.

“सगळ्यात खाली एक कोट आहे,” मुंगी म्हणाली. “बाईमाणसाचा. छातीला टक्स घातलेला. मी घालून बघितला, तो जमिनीला लागतो.” ती थांबली. “तू दर वेळी एकच मोठा शिवतेस. तू असणार असतीस तर सगळे एकदम कशाला शिवले असतेस?”

पोरीला कळू नये म्हणून आईने डॉक्टरचे कागद बहिणीच्या घरी ठेवले होते, गोळ्या डब्यात लपवल्या होत्या, दुखायला लागलं की नळ सोडून मोरीत जाऊन बसायची. आणि सगळी बातमी स्वतःच्या हाताने मापाप्रमाणे घड्या घालून फळीवर रचून ठेवली होती. तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने काउंटरची कड धरली. शिवायला नको होते. निदान पोरीसमोर एकेक करून शिवायला हवे होते. पण तेवढा वेळ असता तर शिवायचेच कशाला?

“कधी बघितलेस?”

“मागच्या सुट्टीत.”

म्हणजे इतके दिवस. इतके दिवस ही पोर जेवत होती, अभ्यास करत होती, नळ सोडल्याचा आवाज ऐकत होती, आणि चकार शब्द बोलली नव्हती. आईला वाटत होतं आपण तिला सांभाळतोय.

“मोठी वाजवायला मला तीन वर्षं लागतील,” मुंगी म्हणाली. “ही आत्ता येते.”

मावशी दारातून आत आली. तिचं नाक लाल झालं होतं. “मी आणीन तिला,” ती गिटारवाल्याला जवळजवळ दरडावूनच म्हणाली. “आखूड झाली की मी घेऊन येईन. काय लिहून द्यायचं ते माझ्या नावाने द्या.” मग बहिणीकडे न बघता, “अशी बघू नकोस. आणीन म्हटलं ना!”

मावशी आणील की नाही, ते आईला कधीच कळणार नव्हतं. पण तिने बहिणीवर विश्वास ठेवला. दुसरा इलाज नव्हता म्हणून ठेवला असेल, तरी ठेवला. डोळ्यांसमोरची ती वीस वर्षांची मुलगी तिने मोठ्या कष्टाने पुसून टाकली. तिच्याशी आपली ओळख होणार नव्हती. ओळखीची होती ती ही, काटकुळी, लोंबत्या बाह्यांची, आणि तिला गिटार तिच्या मापाची हवी होती. आईने पाऊण मापाची बांधून द्यायला सांगितलं. गिटारवाल्याने जास्तीच्या तारांचं पाकीट फुकट आत घातलं आणि स्वतः पुढे होऊन तिघींना दार उघडून दिलं.

घरी पोचेपर्यंत आईला उभं राहवेना. मावशीने तिला पलंगावर बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या आणि चहा टाकायला गेली. ऊन अजून खिडकीत होतं. मशीनवर कुणाची तरी पँट अर्धवट पडली होती.

मुंगीने कोट काढला नाही, बूट काढले नाहीत. ती स्टूल ओढून आईच्या अगदी समोर बसली आणि दुकानातली तीच धून वाजवायला लागली. पाच-सहा सूर झाले, पुढे अडली. पुन्हा पहिल्यापासून. आणखी दोन सूर पुढे गेली आणि चुकली. पुन्हा पहिल्यापासून, आधीपेक्षा भराभर. बोटांची टोकं लाल झाली होती. लांब बाही सारखी तारांवर येत होती आणि मुंगी ती हनुवटीने मागे सारत होती.

“हळू, बाळा,” आई म्हणाली. “एवढी कसली घाई आहे?”

मुंगीने मान वर केली आणि आईकडे नीट बघितलं.

“आई,” ती म्हणाली, “घाई आहे.”

आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.