तेरेमोआना आजीचं फूल

साखळी टाका मला तेरेमोआना आजीने शिकवला. शिकवला म्हणजे काय, चाळीस वेळा उसवायला लावला. "अकाइती, अगं ही साखळी आहे की डुकराचं दावं?" असं सगळ्या बायकांदेखत विचारायची. मी आतल्या आत जळफळायची, पण माझा हात बसला तो तिच्यामुळेच.

यंदा आमच्या शिवणाच्या मंडळाने तिच्या नातीच्या, न्गापोकोच्या लग्नासाठी तिवायवाय, म्हणजे भरतकामाची चादर, शिवायला घेतली. बारा बायका, बारा जास्वंदी, आणि शेवटी सगळी फुलं एका चादरीवर. आमच्या आइतुताकी बेटावर फुलाखाली कुणी नाव घालत नाही. टाक्यांवरून हात ओळखायचा. नवरी ती चादर जन्मभर जपते आणि मेल्यावर तिच्यातच गुंडाळली जाते.

फुलं चादरीवर जोडायचं काम माझ्याकडे होतं. आजीचं फूल हातात आलं. तिला फारसं दिसत नव्हतं, हे ठाऊक होतं, पण इतकं? साखळी मध्येच तुटलेली, टाके पाकळी सोडून भलतीकडेच. मी ते उसवलं. सगळं. दुपारभर बसून नव्याने भरलं. म्हाताऱ्या बाईची लाज राखली, असं मनाला बजावलं. खोटं कशाला बोलू? तेवढं एक फूल माझ्या डोळ्यांत खुपत होतं. चादर पसरल्यावर लोकांची वाहवा हवी होती मला.

लग्नाच्या आदल्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये चादर पसरली. न्गापोको म्हणाली, "आजी, तुझं फूल दाखव ना. मी त्याच्यावरच डोकं ठेवून झोपणार."

आजी गुडघ्यांवर बसून बोटांनी चाचपू लागली. "हे मेरेचं. गाठी बघा, पपईच्या बिया जशा!" बायका हसल्या, मेरेसुद्धा. "हे तुझं गं, तुआइने. दोरा वाचवतेस होय, चिक्कू कुठली!" एकेक नाव बिनचूक.

"हे अकाइतीचं," आजी म्हणाली. मग शेवटच्या फुलावर तिची बोटं थांबली. पुन्हा फिरली. "हेही अकाइतीचंच. दोन कशी? मग माझं कुठंय?"

न्गापोको माझ्याकडे बघत होती.

"आजी, मी उसवलं," मी म्हणाले. "टाके नीट बसले नव्हते, म्हणून... चुकलं माझं."

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजीने सगळ्यांकडे तोंड वळवलं. "वाकडे होते का गं माझे टाके?"

मेरे चादरीची कड सारखी करू लागली. दोन वर्षं आम्ही सगळ्याजणी तिला "झकास झालंय, आजी" म्हणत होतो.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. "मी तर अजून पोरींना शिकवते."