घराचा गुण

पडद्याची दांडी तिसऱ्यांदा खाली आली तेव्हा नंदानं ती उचलली नाही. स्टुलावर उभ्या उभ्याच तिनं जमिनीवर पसरलेला पडदा पाहिला, हातातला स्क्रू पाहिला आणि भिंतीचं भोक पाहिलं. स्क्रू ठोकून ठोकून भोक एवढं झालं होतं की त्यात तिचं बोट मावलं असतं.

"पड," ती दांडीला म्हणाली. "तूच तेवढी राहिली होतीस."

चार वाजता घर बघायला पार्टी येणार होती. अकरावी.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. या घराला विघ्नसुद्धा धड नव्हतं. विघ्न असतं तर निस्तरता आलं असतं. दहा जण आले, दहाही जणांनी घर पाहिलं, "चांगलंय" म्हणाले, "कळवतो" म्हणाले आणि कुणी ताकास तूर लागू दिली नाही. एकानं जाताना रंग फिका वाटतो म्हटलं, तर नंदानं सगळं घर बदामी करून घेतलं. पुढच्याला बदामी रंग खपला, पण मोरी अंधारी वाटली. तिथं दिवा आला. जुन्या जालन्यातल्या गल्लीबोळांतून रिक्षानं दोन नवे नळ आणि एक आरसा आणला. आरसा रिक्षातच तडकला म्हणून दुसरा आणला. कुणीतरी दार दक्षिणेला म्हणून नाक मुरडलं, तेव्हा मात्र तिनं हात जोडले. दार काय आता गळ्यात बांधून फिरवायचं?

जालन्याचं गिऱ्हाईक घरात शिरलं की देव्हारा कुठं आहे ते नंतर विचारतं, आधी नळ सोडून पाहतं. म्हणून दर रविवारी संभाजीनगरहून एसटीनं आल्यावर नंदा पहिल्यांदा बोअरची मोटर लावायची. मग झाडायचं, पुसायचं, खिडक्या उघडायच्या. राधेश्यामनं, म्हणजे घराचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंटनं, नवीनच फर्मान काढलं होतं.

"ताई, घर रिकामं दिसून राह्यलं. गिऱ्हाइकाला वाटलं पाह्यजे, का उद्या सकाळी इथंच पोहे करावं."

तेव्हापासून ती घरून शेगडी आणायची, पार्टी यायच्या आधी आलं टाकून चहा उकळायची, घरभर वास फिरला की तो मोरीत ओतून द्यायची. आपण काय करतोय याची तिला लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून संतापही यायचा. वेताच्या दोन खुर्च्या आणल्या होत्या, भिंतीवर घड्याळ लावलं होतं. फक्त आतल्या खोलीत तिनं काही ठेवलं नव्हतं. ती खोली ती दारातूनच झाडायची.

घर वामन मास्तरांचं, नंदाच्या वडलांचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. बायको रमाबाई गेल्यावर नऊ वर्षं इथं एकट्यानं काढली आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका शनिवारी, ते गेले. आदल्या दिवशी फोनवर त्यांनी विचारलं होतं, "रविवारी येतेस ना?" आणि नंदा म्हणाली होती, "या नाही बाबा, पुढच्या." एवढंच. पण ते एवढंच चौदा महिने तिच्या घशात अडकून बसलं होतं. बाबा एकटे गेले, रिकाम्या घरात, पाणी द्यायलाही कुणी नसताना. कुलपात किल्ली फिरवताना दर रविवारी तिला तेच आठवायचं.

आता नवऱ्याची नागपूरला बदली झाली होती. जूनमध्ये बिऱ्हाड हलणार. नागपूरहून दर रविवारी येणं शक्य नव्हतं आणि कुलूप लावून सोडलं तर दोन पावसाळ्यांत वाळवीनं घर खाल्लं असतं. एकदा कुणाच्या तरी हाती ही किल्ली द्यायची आणि सुटायचं, एवढंच तिला हवं होतं. एप्रिल अर्धा सरला होता.

दांडी कोपऱ्यात उभी करून ती गच्चीवर गेली. टाकी भरत आली होती, पण मोटर बंद करायला खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं तिच्या जिवावर आलं. ती टाकीच्या सावलीत टेकून बसली. ऊन मी म्हणत होतं. खाली फाटक वाजलं तेव्हा साडेतीनही वाजले नव्हते; पार्टी वेळेआधीच आली होती.

"या, या. आत या," झुंबरबाईंचा आवाज आला.

झुंबरबाई समोरच्या घरातल्या. मूळच्या केदारखेड्याच्या, मुलगा रामप्रसाद मोंढ्यात धान्याच्या दुकानात कामाला लागला तेव्हा त्याच्यासोबत इथं आल्या. सत्तरी ओलांडली तरी चालणं खडखडीत. दुसरी किल्ली त्यांच्याकडंच असायची; आडवारी कुणी आलं तर घर त्याच दाखवायच्या. रविवारी नंदा असली तरी पार्टीला फाटकापर्यंत सोडायला त्याच जायच्या. तेवढ्यात नंदा दिवे मालवून घ्यायची. त्यांच्या या उपकाराचं तिला ओझं वाटायचं. मागच्या संक्रांतीला तिनं त्यांना साडी नेसवली होती.

नंदानं पदरानं तोंड पुसलं आणि जिना उतरायला लागली. वळणावर आली आणि थांबली. मावशी चांगल्या रंगात आल्या होत्या. आपल्यापेक्षा त्याच बऱ्या बोलतात, बोलू दे, असं तिला वाटलं.

"हॉल पाह्यला, सैपाकघर पाह्यलं. आता खरी खोली पाहा," झुंबरबाई म्हणाल्या. "ह्या खोलीत मास्तर गेले."



"गेले म्हणजे?" बाईमाणसाचा आवाज.

"वारले. हितं, ह्या खिडकीपाशी, खुर्चीत. शनवारी सकाळी नऊ वाजता. दुखणं न्हाई, खुपणं न्हाई, दवाखान्याचा खर्चा न्हाई. चहाला साखर मागितली, म्या टाकली. एक घोट घेतला. म्हन्ले, 'आता बराबर झाला.' कप खाली ठिवला, एक थेंब सांडला न्हाई बघा, अन् गेले. असं मरण लाखात एखाद्याला येतं. घराचाच गुण हाय हा. तुमच्यात कुणी म्हातारं माणूस हाय का?"

"सासरे आहेत," बाई कशीबशी म्हणाली.

"मंग घ्याच."

नंदा पुढच्या खोलीत पोचेपर्यंत नवराबायको चपला घालत होते. नवरा फाटकाबाहेर फोनवर बोलणाऱ्या राधेश्यामकडं पाहून म्हणाला, "चांगलंय. कळवतो." नळसुद्धा सोडून पाहिला नाही त्यांनी. राधेश्याम गाडीला किक मारून त्यांच्या मागोमाग गेला.

"मावशी," नंदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"काय गं?"

"त्या खोलीचं!"

"सगळ्यांला. बिलकुल," झुंबरबाई म्हणाल्या. "घराचा गुण सांगावं का न्हाई? रंगाचं काय, रंग काय कुणी बी देतं."

नंदा मटकन वेताच्या खुर्चीत बसली. दहा पार्ट्या. बदामी रंग, दोन आरसे, मोरीतला दिवा. मोरीत ओतलेला चहा. तिला हसू येतंय की रडू, तेही कळेना.

"अहो, कोण घेईल असं घर? लोक पोराबाळांना घेऊन येतात, आणि तुम्ही त्यांना माणूस कुठं मेला ते दाखवता! मी इथं दर रविवारी मरमर मरते आणि तुम्ही फाटकाशी त्याच्यावर पाणी ओतता. आणि वर साडी नेसवली मी तुम्हाला!"

"घरात माणूस मरत न्हाई तर कुठं मरतंय?" झुंबरबाईंना खरंच समजत नव्हतं. "आमच्या केदारखेड्याला इचार. ज्या घरात चांगलं मरण आलं ते घर लोकं सोडत न्हाईत."

"चांगलं मरण!" नंदा ओरडली. "एकटे गेले ते. कुणी नव्हतं जवळ. कसलं चांगलं?"

"एकटे कोण म्हन्लं तुला?" झुंबरबाई म्हणाल्या. "म्या व्हते की."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. गच्चीवरून टाकी वाहायला लागल्याचा आवाज येत होता. जिन्यावर जे ऐकलं त्यातलं रागाच्या भरात तिनं निम्मंच ऐकलं होतं. उरलेलं निम्मं आता कानात शिरलं. म्या टाकली. साखर म्या टाकली.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"तू बोलू दिलं का? त्या दिशी तू दुपारी आल्ती. म्या म्हन्लं, बेबी, ऐक, सकाळच्याला असं झालं. तू म्हन्ली, मावशी, काही सांगू नका मला. मंग दहाव्याला पुन्हा काढली गोष्ट, तर तू उठून गेली." झुंबरबाई बोलता बोलता दाराच्या चौकटीला टेकल्या. "पोटात किती दिस ठिवू? येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत गेले."

तिला शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं, बेबीनंदा म्हणून, किंवा नुसतं बेबी म्हणून हाक मारणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. नंदाला आठवलं. म्हणाली होती ती तसं. शब्दसुद्धा तेच होते.

मग तिला दुसरं आठवलं. मास्तरांना साखरेचा आजार होता. दिवाळीत आल्यावर साखरेचा डबा तिनंच उचलून झुंबरबाईंकडं नेऊन ठेवला होता. बाबांनी कितीही मागितली तरी द्यायची नाही, असं बजावलं होतं.

"साखर," ती म्हणाली.

झुंबरबाईंचा चेहरा एकदम लहान झाला. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तू द्यायची न्हाई म्हन्ली व्हती. पर ते म्हन्ले, झुंबरबाई, लेक पुढच्या रविवारी येणार हाय. ती आली का पुन्हा फिकाच हाय आपल्याला. आजच्या दिवस टाका." त्या थांबल्या. "दोन चमचेच टाकले गं."

"दोनच?"

"अडीच."

नंदाच्या तोंडून जे निघालं ते हसणं होतं, पण डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या रविवारी येणार आहे. बाबांना तिचा तो नकार टोचलाच नव्हता. त्यांनी तिच्या नावावर अडीच चमचे साखर मिळवली होती! ती उठली, गच्चीवरचं पाणी आठवून मोटर बंद केली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

साडेपाचला राधेश्यामचा फोन आला. आणखी एक पार्टी आहे, शहागडची, आत्ताच्या आत्ता बघायचं म्हणतात, जल्दी घर उघडं ठेवा.

"मावशी," नंदा म्हणाली, "या वेळी एक शब्द बोलायचा नाही. शपथ घ्या."

"घेतली."

"आणि फाटकापर्यंत सोडायलाही जायचं नाही."

"न्हाई जात, बाई." झुंबरबाईंनी पदर तोंडावर धरला.

आलेले गृहस्थ बद्रीनाथ. शहागडला हायवेवर तीस वर्षं त्यांचं हॉटेल. दिवसरात्र ट्रकवाल्यांना जेवू घातलेलं. आता ते मुलांवर सोडून बायकोसोबत जालन्यात येऊन राहायचं होतं. पांढरं धोतर, हातात टोपी, बोलणं बेताचं. त्यांनी नळ सोडला, पाण्याची धार पाहिली, ओंजळीत घेऊन चव घेतली. रंगाकडं ढुंकून पाहिलं नाही. कोपऱ्यातली दांडी पाहून म्हणाले, "भोकात लाकडाची खुंटी ठोका आधी. मंग बसंल."

आतल्या खोलीच्या दारात नंदाची पावलं नेहमीसारखी थबकली. मग ती आत गेली. खिडकीतून लिंबोणीची सावली फरशीवर पडली होती. बद्रीनाथांनी खिडकीची कडी लावून पाहिली, काढून पाहिली.

"हवा चांगली येती," ते म्हणाले. "ही कुणाची खोली?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. झोपायची, असं म्हणता आलं असतं. दारात झुंबरबाई शपथेला जागून तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या.

"माझ्या वडलांची," नंदा म्हणाली. "इथंच वारले ते. या खिडकीपाशी, खुर्चीत."

बद्रीनाथांनी कडीवरचा हात काढला. "एकटेच व्हते का?"

"राहायचे एकटे," ती म्हणाली. "गेले तेव्हा एकटे नव्हते. या मावशी होत्या जवळ. सकाळचे नऊ वाजले होते. चहा घेत होते. काही त्रास झाला नाही त्यांना."

 बद्रीनाथांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली आणि खिडकीपाशी, खुर्ची जिथं असायची तिथं, जाऊन उभे राहिले.

"बेबी," मागून पदराआडून हळूच आवाज आला, "साखरेचं राह्यलं."