तुळजाबाईचं मीटर

शिवकन्येने पडद्यावरच्या लाल आकड्यावर नजर खिळवली आणि फोन कानाला लावला.

"कडूबामामा, चक्की थांबवा जरा. अर्धा तास. जल्दी करा, मंग बोलते."

मागे उभ्या असलेल्या मनीषाने भुवया उंचावल्या. राज्याच्या वीज धोरणाचा मसुदा करणाऱ्या समितीवर ती होती. धावड्याजवळच्या या उपकेंद्रात नवी यंत्रणा बसून वर्ष होत आलं होतं. गावातल्या कुठल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती भार आहे, हे घराघरांतले मीटर इथे कळवत. भार हद्दीबाहेर गेला, की यंत्रणा त्या डीपीचा पुरवठा आपोआप तोडे. मग इथे माणूस कशाला, एवढंच ठरवायला मनीषा मुंबईहून आली होती.

"आपोआप बंद होईल ना? मग फोन कशाला?"

"बंद होईल म्हणूनच, मॅडम." शिवकन्येने पुढचा नंबर लावला. "द्वारकाकाकू, पाण्याची मोटर तीन वाजता लावा. तवा लाईन मोकळी असती."

आकडा आणखी चढला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मनीषाने नकळत खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग आकडा अडखळला, हळूहळू उतरला आणि हिरवा झाला.

शिवकन्येने पदराने कपाळ टिपलं.

"त्या डीपीवर एका घरचं मीटर दिवसरात्र एकसारखं चालायचं. बिघडलं असंल म्हणून बघायला गेल्ते. तर आजीला ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. लाईट गेली की तेबी बंद."

"आणि हे लोक तुझं ऐकतात?"

"पहिल्यांदा न्हाई ऐकलं. मंग कडूबामामाला आजीच्या घरी घेऊन गेले. आता त्योच बाकीच्यांना सांगतो."

मनीषाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यावर ते घर म्हणजे नुसता एक क्रमांक होता.

"मला त्या आजींकडे नेशील?"

दोन वाजता पुढच्या पाळीचे तातेराव आले, तेव्हा दोघी निघाल्या.

तुळजाबाई खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. नाकाला नळी होती, उशाशी यंत्र संथ चाललं होतं. शिवकन्येने आधी यंत्राची पिन चाचपली, मग आजीचा हात.

"ही कोण गं?"

"मुंबईच्या मॅडम, आजी. माझं काम बघायला आल्यात."

तुळजाबाई तोंडभर हसली.

"हिचं काय काम बघता, बाई? कवाचं बघून राह्यले मी, लाईट कधी जातच न्हाई. नुसती खुर्चीवर बसून असती पोरगी."

शिवकन्याही हसली.

"सकाळी मलाही तसंच वाटलं होतं, आजी," मनीषा म्हणाली, आणि खाटेच्या कडेला टेकून सुपातली एक शेंग उचलून फोडू लागली.